नोकरीचा ऑनलाइन अर्ज आणि साधा बायोडाटा



पूर्वी नोकरीचा अर्ज म्हणजे फुलस्केप कागद, सुवाच्य अक्षर, प्रमाणपत्रांच्या सत्यप्रती आणि रजिस्टर पोस्टाचे पाकीट. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. तोपर्यंत आपल्या देवरीचे जिल्ह्याचे ठिकाण भंडारा होते व जिल्हा कचेरीच्या कामाला तिकडची एस.टी. धरावी लागे. आज बहुतेक अर्ज संगणकावर किंवा मोबाईलवर भरले जातात. हेलपाटे वाचले, पण एक नवी अडचण आली. आपला बायोडाटा पुष्कळदा माणसाच्या आधी यंत्र वाचते आणि यंत्राला शोभेची भाषा कळत नाही.

आमच्या परिचयातील एका पदवीधर मुलाने दुकानातून पैसे देऊन सुंदर बायोडाटा करून घेतला होता. दोन स्तंभ, रंगीत पट्टी, फोटो, चौकटीत शिक्षण. तो ऑनलाइन अर्जाच्या रकान्यात चिकटवला तेव्हा शिक्षणाची वर्षे एकीकडे आणि परीक्षांची नावे दुसरीकडे गेली. मराठीत लिहिलेला पत्ता तर निरर्थक रोमन अक्षरांत दिसू लागला. मुलगा हुशार होता, परंतु अर्जावरून ते कोणालाच कळले नसते.

असे का होते? अर्जाचा रकाना फक्त अक्षरे घेतो. ठळकपणा, रंग, तक्ते, चित्रे तेथे गळून पडतात. मराठीची अडचण आणखी वेगळी आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये 'नाव' हा शब्द टाइप केला, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात यू, के, ओ ही रोमन अक्षरेच साठतात. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. फॉन्ट गेला की रूपही गेले. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा त्यात समावेश आहे. मोबाईलवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच. म्हणून मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा.

साधा बायोडाटा असा तयार करावा :

१) नोटपॅडमध्ये नवी फाइल उघडावी. वर्डमधील मजकूर तेथे चिकटवला की सजावट आपोआप निघून जाते. फाइल जतन करताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडावा, म्हणजे मराठी अक्षरे शाबूत राहतात.

२) सर्वांत वर नाव, मोबाईल क्रमांक, ई-मेल व गाव. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच, त्याच क्रमाने लिहावे. नावातील फरक पुढे कागदपत्रे तपासताना आडवा येतो.

३) मथळे स्वतंत्र ओळीवर द्यावेत : शिक्षण, अनुभव, संगणक ज्ञान, भाषा. मथळ्यानंतर एका ओळीत एकच गोष्ट लिहावी. उदाहरणार्थ :
शिक्षण
- बी.कॉम., २०२२, प्रथम श्रेणी
- बारावी वाणिज्य, २०१९

४) ठिपके व बाणांऐवजी साधी आडवी रेघ वापरावी. तक्ता व टॅब टाळावेत.

५) जाहिरातीतील शब्द पाहावेत. तेथे 'टॅली' मागितले असेल आणि आपल्याला ते येत असेल, तर 'हिशेबाचे संगणक ज्ञान' असे न लिहिता 'टॅली' असेच लिहावे. येत नसेल ते मात्र लिहू नये. मुलाखतीत ते उघडे पडते.

६) महत्त्वाचे आधी लिहावे. काही रकान्यांना अक्षरांची मर्यादा असते व शेवटचा भाग कापला जातो.

खासगी कंपन्यांना बहुधा इंग्रजी बायोडाटा लागतो. त्यालाही हेच नियम लागू आहेत. बायोडाटा तयार झाला की स्वतःलाच ई-मेल करून दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून पाहावा. तेथे नीट वाचता आला, तर तो बहुतेक ठिकाणी वाचता येईल. अर्जात फाइल जोडायला सांगितली असेल, तर मागितलेल्या प्रकारचीच जोडावी.

बायोडाटात आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील देऊ नये. जात व धर्म लिहिण्याचेही कारण नाही. सरकारी अर्जात प्रवर्गाचा स्वतंत्र रकाना असतो. तो जातीच्या प्रमाणपत्राप्रमाणे काळजीपूर्वक भरावा. केंद्र शासनाच्या २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय करिअर सेवेच्या संकेतस्थळावर नोंदणी विनामूल्य आहे. नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर सावध व्हावे.

ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांनी शेजारच्या मुलामुलींना एक संध्याकाळ द्यावी. आई-वडिलांनी मोलमजुरी करून शिकवलेल्या मुलाची पदवी केवळ एका फॉन्टपायी वाया जाऊ नये, एवढीच अपेक्षा.