वर्गाचे दार आतून बंद

शिक्षकाचा व्यवसाय चारचौघांदेखत चालणारा, तरीही विलक्षण एकाकी असा आहे. चाळीस-पन्नास मुलांचे डोळे दिवसभर त्याच्यावर खिळलेले असतात; पण त्या कामातील अडचणी जाणणारी दुसरी व्यक्ती त्या खोलीत नसते. वकिलाचा युक्तिवाद इतर वकील ऐकतात, शल्यवैद्याच्या शेजारी तरुण वैद्य उभे असतात, गवयाच्या बैठकीला गवई येतात. शिक्षक मात्र शेजारच्या वर्गात कसे शिकविले जाते हे पाहिल्यावाचूनच बहुधा सेवानिवृत्त होतो.

अध्यापक विद्यालयात अशी स्थिती नसते. तेथे एक छात्राध्यापक सराव पाठ घेतो आणि त्याचे सहाध्यायी मागच्या बाकांवर बसून निरीक्षणे टिपून घेतात. नंतर चर्चा होते. पदविका हाती पडली, की ही प्रथा संपते. पुढे वर्गात मागे येऊन बसतो तो वरिष्ठ, आणि त्याच्या हातात लॉगबुक असते. 'दिपोटी' येणार म्हटल्यावर उडणारी तारांबळ जुन्या पिढीला चांगली आठवत असेल. त्या दिवशी आधीच शिकविलेला पाठ पुन्हा शिकविला जाई आणि हुशार मुले पुढे बसत. तपासनिसाला दिसे तो वर्ग नव्हे, वर्गाचा सणावाराचा पोशाख!

वास्तविक शिक्षणाचा मुळापासून विचार करण्याची परंपरा नागपूरच्या परिसराला आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून नयी तालीम आकारास आली. सूत, शेती, सफाई यांतून शिक्षण देताना सेवाग्रामच्या शिक्षकाचे काम चार भिंतींबाहेर, उघड्यावर आले. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) एका माध्यमिक शाळेभोवती आसपासच्या प्राथमिक शाळा गुंफून शिक्षकांचा एकाकीपणा संपविण्याची कल्पना मांडली. कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक हे त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. महाराष्ट्रात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात केंद्रशाळा आल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळासंकुलाचा पुन्हा पुरस्कार केला आणि शिक्षकाने स्वतःच्या विकासासाठी वर्षाकाठी किमान ५० तास द्यावेत असेही सुचविले. योजनांची वाण नाही. तथापि केंद्राच्या शिक्षण परिषदेतही परिपत्रकांचे वाचन आणि माहितीचे तक्ते यांतच पुष्कळदा वेळ जातो. शेजारच्या वर्गाचे दार बंद ते बंदच राहते.

जपानमध्ये 'जुग्यो केन्क्यू' म्हणजे पाठाभ्यास ही पद्धती शाळांच्या अंगवळणी पडली आहे. काही शिक्षक मिळून एका पाठाचे टाचण करतात, एकजण तो घेतो, बाकीचे पाहतात, नंतर चर्चा करून पाठ सुधारतात. निरीक्षकांची नजर शिक्षकावर नसते, ती मुलांवर असते, हे यातील मर्म होय. कोणाचा हात वर गेला नाही, कोणाचे उत्तर अर्ध्यावर अडले, हे ते टिपतात. पाठ सर्वांचा असल्याने दोषही एकट्याच्या माथी बसत नाही.

नागपूरच्या एखाद्या शाळेतील मराठीची तासिका डोळ्यांपुढे आणावी. 'भाऊ काम करून राहिला' असे मुलगा सहजपणे म्हणतो. 'असे नाही, करतो आहे असे म्हण,' म्हणून शिक्षक त्याला सुधारतात आणि पुढे जातात. त्यांचे काही चुकले असे त्यांना वाटत नाही. पण तो मुलगा उरलेल्या तासात तोंड उघडत नाही, हे फळ्याजवळून दिसत नाही. मागच्या बाकावरील सहकाऱ्याला ते दिसते. पोराची घरची बोली न दुखावता प्रमाण भाषा कशी शिकवावी, हा प्रश्न मग एका शिक्षकाचा उरत नाही. तो शाळेचा होतो.

यावर आक्षेप दोन. पहिला वेळेचा. जनगणना, निवडणुका आणि नाना प्रकारच्या नोंदी यांनी शिक्षकाचा दिवस आधीच कुरतडला आहे. द्विशिक्षकी शाळेत तर एक वर्ग सोडून दुसऱ्यात बसणे जवळजवळ अशक्यच. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच महिन्यातून एखादी तासिका वेळापत्रकातच राखून ठेवावी आणि लहान शाळांसाठी केंद्राच्या परिषदेत प्रत्यक्ष पाठ व्हावा; तोही निवडक मुलांचा नमुना पाठ नव्हे, नेहमीच्या वर्गाचा.

दुसरा आक्षेप भीतीचा, आणि तो अधिक खोल आहे. सहकाऱ्याने टिपलेली त्रुटी उद्या गोपनीय अहवालात उमटणार असेल, तर कोणताही शहाणा शिक्षक दार उघडणार नाही. तेव्हा या निरीक्षणाचा कागद कार्यालयात जाता कामा नये. तो त्या दोघांपाशीच राहावा. आरंभही ज्येष्ठांनी करावा. मुख्याध्यापकाने आधी स्वतःच्या तासाला नवख्या शिक्षकाला मागे बसवावे.

मुलांना चुका करीतच शिकावे लागते, असे प्रत्येक शिक्षक सांगत असतो. तीच सवलत शिक्षकांनी परस्परांना दिली, तर त्या उपदेशाला वजन येईल. त्यासाठी नवा निधी नको, नवी इमारत नको. मागच्या भिंतीशी एक रिकामी खुर्ची पुरेशी आहे.