कळण्याची भाकरी, भरीत आणि ऊस उत्पादकाचे ताट



या अंकात लागवड, खते व तोडणीच्या कार्यक्रमाऐवजी थोडे ताटाविषयी लिहीत आहे. ऊस विकास खात्याच्या माणसाने भाकरीवर का बोलावे, असे कोणी म्हणेल. कारण सांगतो. मागच्या हंगामात माझ्या रक्तातील साखर तपासली, ती काठावर निघाली. डॉक्टरांनी विचारले, दिवसात चहा किती घेता? प्लॉट पाहणीच्या दिवशी आठ कप तर सहज होतात. प्रत्येक मळ्यात तुम्ही प्रेमाने देता, नाही म्हणवत नाही. कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तरी ८० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम आहे, आणि २५ ग्रॅमच्या आत राहिले तर अधिक चांगले. यात बिस्किटे, मिठाई, गूळ सगळे आले.

डॉक्टरांचा दुसरा प्रश्न जास्त लागला. "तुम्ही शेतकऱ्याचा मुलगा. घरचं काय खाता?" मला उत्तर सुचले नाही. घरच्या शेतात ऊस आणि केळी. गहू दुकानातला, डाळ दुकानातली, भाजी बाजारातली. आणि बांधापर्यंत ऊस लावा, असे गावोगाव सांगत फिरणारा मीच!

आपल्याच जेवणाची किंमत आपल्याला बाहेरच्या माणसाने दाखवावी लागते, असे कधी कधी होते. नागपूरचे प्रसिद्ध बल्लवाचार्य श्री. विष्णु मनोहर यांना आपल्या माता-भगिनी टीव्हीवरील कार्यक्रमांमुळे ओळखतातच. हॉटेल व्यवसायात राहूनही त्यांनी मराठी घरातले जेवण लोकांपुढे मांडायचा धंदा धरला. एप्रिल २०१७ मध्ये नागपुरात त्यांनी सलग ५० तासांहून अधिक वेळ स्वयंपाक करून दाखवला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथेच एका कढईत ३००० किलो खिचडी केली. आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते आपल्या जळगावात आले व २५०० किलो वांग्यांचे भरीत केले. लोकांनी गर्दी करून खाल्ले.

विक्रम होतात आणि मोडतात. मला त्यातले महत्त्वाचे वाटते ते वेगळे. एवढ्या नावाजलेल्या आचाऱ्याने जळगावात येऊन पनीर किंवा पुलाव केला नाही, भरीत केले. थंडीत मळ्यात चार माणसे जमली, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, हिरवी मिरची, लसूण घालून ठेचली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे टाकले, की झाले आपले जेवण. ते आपण लग्नाच्या पंगतीतून काढत चाललो आहोत, आणि आचारी ते भर मैदानात मांडतो आहे. मानाचे पान कोणाला द्यायचे, हे त्याने दाखवून दिले.

त्या भरितामागे वांगे आहे, हे विसरू नये. मोठे, फिकट हिरवे, कमी बियांचे. यावल तालुक्यातील बामणोद त्यासाठी प्रसिद्ध आहे. जळगावच्या भरीत वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आचारी कितीही मोठा असो, शेतात वांगेच नसेल तर तो कढईत काय टाकणार? अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले, त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. त्या आचारी नाहीत, पण चांगल्या ताटाची सुरुवात बियाण्यापासून होते हे त्यांनी ओळखले.

आता भरितासोबतच्या भाकरीकडे वळू. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेले पीठ, त्यात थोडे मीठ. प्रमाण घरोघरी वेगळे. चार भाग ज्वारीला एक भाग उडीद हा सोपा हिशेब. यामागे शास्त्र आहे. प्रथिने निरनिराळ्या घटकांनी बनतात. ज्वारीत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो उडदात भरपूर. उडदात जो घटक कमी, तो ज्वारीत मिळतो. दोन्ही एकत्र आले की प्रथिनांची प्रत सुधारते. शिवाय उडदाची साल आणि ज्वारीचा कोंडा यांतला चोथा पोटाला उपयोगी, आणि जेवणानंतर रक्तात साखर हळूहळू चढते. म्हणून उडीद सालासह दळा आणि पीठ बारीक चाळणीने चाळू नका. आपल्या आज्यांनी हे पुस्तकात वाचले नव्हते, पण रोज केले.

हे सांगायची वेळ का आली? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. हा आता फक्त शहरातला, बैठ्या माणसाचा आजार राहिलेला नाही.

एक गैरसमजही दूर करतो. "साखर बंद, गूळ चालू" असे काही सभासद सांगतात. गुळात खनिजे थोडी जास्त असतात हे खरे, पण मधुमेह्याच्या रक्तात तोही साखरच वाढवतो. आपला माल आहे म्हणून खोटे सांगणार नाही. साखर सणाची गोष्ट आहे, ती सणालाच शोभते.

मग ऊस मोडायचा का? मुळीच नाही. उसाने आपली घरे उभी केली आहेत. फक्त पुढील तीन गोष्टी कराव्यात.

१) खोडवा निघालेले रान लगेच उसाखाली आणू नका. पावसाळ्यात उडीद घ्या, तो ७० ते ७५ दिवसांत निघतो. मागून ओलीवर रब्बीत दादर पेरा. तापी-गिरणेच्या काळ्या रानात दादर कशी येते, हे मी सांगायला नको. एकाच रानात, एकाच वर्षात कळण्याचे दोन्ही धान्य घरात येते, जनावरांना कडबा मिळतो, उडदाच्या मुळांवरील गाठींमुळे नत्राला हातभार लागतो आणि उसाच्या रानाला फेरपालट होतो.

२) नव्या लागवडीत सरी चार ते पाच फूट ठेवली की पहिले तीन महिने मधली जागा रिकामीच असते. त्यात मेथी, कोथिंबीर, कांदा घ्या. मोठ्या बांधणीपूर्वी पीक निघाले पाहिजे. आंतरपिकाला खत वेगळे द्या, उसाच्या हप्त्यातून काढू नका. आणि अशा प्लॉटवर ॲट्राझिन मारू नका. तणाबरोबर भाजीही जाईल.

३) विहिरीजवळ पाच गुंठे घरासाठी राखा. भरिताचे वांगे, मिरची, लसूण, वाल, शेवगा. एकरात चाळीस गुंठे असतात. पाच गुंठ्यांचा ऊस कमी झाला तर किती बिल कमी येईल ते मांडा, आणि शेजारी वर्षाचा भाजी, डाळ व औषधाचा खर्च लिहा. हिशेब घरातल्या बाईला करायला सांगा. तो खरा निघेल.

मी स्वतः यंदा दोन एकर खोडव्यानंतर उडीद-दादर धरली आहे. उतारा काय आला, ते याच पानांवर कळवीन.

आणि शेवटची विनंती. यापुढे मळ्यावर आलो की चहाचा आग्रह नको. भाकरीचा तुकडा आणि ठेचा असेल, तर मात्र बसेन.

आपला,
ऊस विकास अधिकारी