दुभागलेले पान आणि मुद्रित आवाज

अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला लेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो. तिथे मानवशास्त्रज्ञांची क्षेत्रकार्याची पद्धत कशी रुजली, हे पाहण्याजोगे आहे.

शर्ली ब्राइस हीथ यांचे ‘वेज विथ वर्ड्‌स’ १९८३ साली आले. कॅरोलिनातील गिरणी कामगारांच्या दोन वस्त्यांत त्यांनी अनेक वर्षे निरीक्षण केले होते. एका वस्तीतील मुले भाषा वापरायला शिकतात ती एका रीतीने, दुसरीतील वेगळ्याच रीतीने. आणि शाळेची रीत तिसरीच, असे त्यांना आढळले. विद्यार्थी कोणत्या भाषाव्यवहारातून येतो हे जाणल्याशिवाय त्याला लिहायला शिकवता येत नाही, हा त्यातून मी घेतलेला अर्थ.

पुढे १९९७ मध्ये बॉनी सनस्टीन आणि एलिझाबेथ चिसेरी-स्ट्रेटर यांच्या ‘फील्डवर्किंग’ या पाठ्यपुस्तकाने विद्यार्थ्यालाच वहीसह बाहेर पाठवले. वहीचे पान दुभागायचे : एका बाजूला पाहिले-ऐकले ते, दुसऱ्या बाजूला त्याविषयी मनात आले ते. लेखनाचा सगळा धडा माझ्या मते या मधल्या रेघेत आहे.

आता फोन बोलणे मुद्रित करतो, त्याची संहिताही तयार करून देतो. श्रम वाचतात, यात शंका नाही. पण उपाहारगृहातला कामगार ‘बरं चाललंय’ म्हणण्याआधी मालकाकडे पाहतो, ते ध्वनिमुद्रणात येत नाही. ते वहीतच येते, तेही पाहणाऱ्याचे लक्ष असेल तर.

तंत्रज्ञानाची खरी देणगी वेगळी आहे. इलिनॉय विद्यापीठात मानवशास्त्रज्ञ नॅन्सी एबलमन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना स्वतःच्या विद्यापीठाचाच अभ्यास करायला लावणारा उपक्रम उभारला. विद्यार्थ्यांचे संशोधन विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात ठेवले जाऊ लागले, म्हणजे नंतरच्या विद्यार्थ्यांना ते वाचता येते. एरवी गुण मिळताच रद्दीत जाणाऱ्या निबंधाला वाचक मिळाला.

वाचक आला की जबाबदारीही येते. ज्याच्याविषयी लिहिले, तोही ते वाचू शकतो. हीथ यांनी वस्त्यांना रोडव्हिल आणि ट्रॅकटन अशी बनावट नावे दिली. छापील पुस्तकात माणसांना तेवढा आडोसा मिळे. आवाजाला मात्र टोपणनाव देता येत नाही. ओळखीचा माणूस तो क्षणात ओळखतो. म्हणून मुद्रणापूर्वी परवानगी मागताना हे कोण ऐकेल, किती काळ राहील आणि नको वाटल्यास कसे काढून घेता येईल, हे समोरच्याला कळेल अशा सोप्या भाषेत लिहून द्यावे लागते. लेखनाच्या वर्गात पहिला मसुदा याच पत्राचा करून घ्यावा, असे मला वाटते.