दुखते कुठे, कळते कुठे?

रात्री अंधारात चालताना पलंगाच्या खुरावर पायाचा अंगठा आपटला, असे तुमच्या बाबतीत कधी ना कधी घडले असेलच. त्या वेळी काय काय झाले ते आठवून पाहा. प्रथम सुई टोचावी तशी तीव्र कळ आली. ती ओसरते न ओसरते तोच मागून सावकाश एक ठणका सुरू झाला. ठेच एकच, मग वेदना दोन कशा? आणि तुमचा हात आपोआप अंगठ्याकडे गेला. तुम्ही तो चोळलात आणि थोडे बरे वाटले. चोळल्याने का बरे वाटावे?

हे प्रश्न दिसायला साधे आहेत. पण त्यांचा पाठपुरावा करताना शास्त्रज्ञांना वेदनेविषयीची जुनी समजूतच बदलावी लागली. या कामात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील शरीररचनाशास्त्र विभागाचा वाटा मोठा आहे.

एक्स्प्रेस आणि पॅसेंजर

इजेची वर्दी नेणारे मज्जातंतू मुख्यतः दोन प्रकारचे असतात. काही तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे पातळ वेष्टन असते. त्यांतून संदेश सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने धावतो. दुसऱ्या प्रकारचे तंतू अगदी बारीक आणि वेष्टनाविना असतात. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपल्या चालण्याइतकाच!

आता गणित करा. पायाच्या अंगठ्यापासून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंतचे अंतर सुमारे एक मीटर धरू. सेकंदाला २० मीटर वेगाचा संदेश १/२० सेकंदात पोचेल. एक मीटर वेगाच्या संदेशाला पुरा एक सेकंद लागेल. पहिली कळ म्हणजे एक्स्प्रेस गाडी, मागून येणारा ठणका म्हणजे पॅसेंजर. स्पर्शाची बातमी नेणारे जाड तंतू याहून वेगळे. ते तर एक्स्प्रेसच्याही पुढे धावतात.

दोरी आणि घंटा

सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने वेदनेला दोरीने वाजणाऱ्या घंटेची उपमा दिली होती. पायाशी दोरी ओढली की मेंदूत घंटा वाजते. जितका जोराचा ओढा, तितका मोठा नाद. ही कल्पना पटण्याजोगी होती आणि ती सुमारे तीनशे वर्षे टिकली.

पण काही गोष्टी तिच्यात बसेनात. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इटलीतील आन्झिओ येथे हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांना एक नवल दिसले. गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी बरेच जण वेदनाशामक औषध नको म्हणत होते. उलट, हात किंवा पाय कापावा लागलेल्या अनेक रुग्णांना, जो अवयव शरीराला उरलेलाच नाही त्यातच दुखत असे. दोरी जोरात ओढली तरी घंटा गप्प, आणि दोरी तुटली तरी घंटा वाजतेच! हे कसे?

मज्जारज्जूतील दार

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक हे मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हे शरीरशास्त्रज्ञ यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक नवा सिद्धांत मांडला. त्यांचे म्हणणे असे, की मज्जारज्जूत जणू एक दार आहे. बारीक तंतूंतून येणारे इजेचे संदेश ते दार उघडतात. स्पर्शाचे संदेश आणणारे जाड तंतू ते ओढून घेतात. शिवाय मेंदूही वरून हुकूम पाठवून दार कमीजास्त उघडू शकतो.

अंगठा चोळताना तुम्ही नेमके काय करता ते आता कळले ना? स्पर्शाचे संदेश धाडून तुम्ही दार थोडे लोटून घेता. लहानपणी लागलेल्या जागेवरून आईने हात फिरवला की रडे थांबायचे, त्यात मायेबरोबर हे शास्त्रही होते.

या सिद्धांतात रेखाटलेल्या पेशींच्या जोडण्या पुढे दुरुस्त कराव्या लागल्या, पण मुख्य कल्पना टिकली. १९६७ साली वॉल आणि विल्यम स्वीट यांनी त्वचेतून सौम्य विद्युत्प्रवाह देऊन वेदना कमी करून दाखवली. भौतिकोपचार केंद्रांत कंबर किंवा मान दुखणाऱ्यांना लावतात त्या छोट्या विद्युत्-यंत्रामागे हेच तत्त्व आहे.

शरीर चिरण्यापलीकडे

त्याच वर्षी वॉल लंडनच्या त्या विभागात आले. शरीररचनाशास्त्राचा विभाग म्हटला की मृत देहांचे विच्छेदन आपल्या डोळ्यांपुढे येते. पण या विभागाचे प्रमुख जे. झेड. यंग हे मुळात प्राणिशास्त्रज्ञ. आपल्या कोकणात ज्याला माकूळ म्हणतात, त्या जातीच्या समुद्रजीवात जवळजवळ एक मिलिमीटर जाडीचे मज्जातंतू असतात, हे त्यांनी १९३६च्या सुमारास दाखवून दिले होते. अशा विभागात 'हा भाग कुठे आहे?' यासोबत 'तो काय करतो?' हेही विचारले जाई.

इथेच क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवर केलेला प्रयोग १९८३ साली प्रसिद्ध झाला. पाऊल आखडून घेण्याची आज्ञा देणाऱ्या मज्जापेशींचे विद्युत्-संदेश त्यांनी नोंदवले. एरवी या पेशी जोराच्या चिमट्यालाच दाद देत. पण पावलाला भाजल्याची इजा झाल्यावर हलक्या स्पर्शानेही त्या उत्तेजित होऊ लागल्या. मग वूल्फ यांनी भाजलेली जागा बधिर केली. आता तेथून वर्दी येणे बंद झाले. तरीही पेशींची उत्तेजना कायम राहिली! म्हणजे बदल केवळ जखमेत नव्हता, तो मज्जारज्जूत झाला होता. जखम भरून आल्यावरही काही जणांचे दुखणे का थांबत नाही, याचा एक धागा येथे सापडला.

ज्यांना सांगता येत नाही

याच विभागात मारिया फिट्झजेराल्ड यांनी तान्ह्या बाळांच्या वेदनेचा अभ्यास केला. नवजात बाळाची मज्जासंस्था कच्ची असते, त्याला खऱ्या अर्थाने वेदना होत नाही, असे १९८०च्या दशकापर्यंत अनेक डॉक्टर मानत. काही बाळांवर अपुरी भूल देऊन शस्त्रक्रियाही होत.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे रक्त तपासण्यासाठी टाचेला वारंवार टोचावे लागते. फिट्झजेराल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केसासारख्या बारीक तंतूने टाचेवर मोजका दाब दिला आणि बाळ पाय केव्हा आखडते ते पाहिले. टोचून जखमी झालेली टाच दुसऱ्या टाचेपेक्षा कितीतरी कमी दाबाला पाय मागे घेई. जखमी टाचेला बधिर करणारे मलम लावले, की हा फरक नाहीसा होई. हे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. ज्याला 'दुखते' हा शब्द माहीत नाही, त्याची साक्ष त्याच्या पायाने दिली! अशा संशोधनामुळे बाळांच्या भुलीकडे आणि वेदनाशमनाकडे डॉक्टर अधिक लक्ष देऊ लागले.

वेदनेची जगन्मान्य व्याख्या २०२० साली सुधारण्यात आली. तिच्या टिपांत म्हटले आहे, की एखाद्याला बोलून सांगता येत नाही म्हणून त्याला वेदना होत नाही असे समजू नये. आणि जो सांगतो, त्याच्या सांगण्याचा मान राखावा.

तेव्हा पट्टी निघाल्यावरही एखादा मित्र 'अजून दुखते' म्हणाला, तर 'सोंग करतो आहे' असे म्हणण्याची घाई करू नका. त्याच्या मज्जारज्जूतील दार कदाचित अजून उघडेच असेल. ते नेमके कसे बंद करावे, याचे पुरे उत्तर अजून कोणापाशी नाही. ते शोधणाऱ्यांत उद्या तुमच्यापैकीही कोणी का नसावे?