थेंबाचे पाच तुकडे

स्विफ्ट डिझेल, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, टाटांची व्हिस्टा, फियाटची पुंटो. बिल्ले वेगवेगळे, पण बॉनेट उघडलं की आत तेच १२४८ सीसीचं डिझेल इंजिन. मारुती त्याला डीडीआयएस म्हणायची, टाटा क्वाड्राजेट, जन्मनाव मल्टिजेट. ‘नॅशनल इंजिन’ हे टोपणनाव मिळालं तोवर ते मूळचं इटालियन आहे हे बहुतेक जण विसरलेही होते.

या इंजिनामागची कॉमन रेल पद्धत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून दाबाखालचं डिझेल पुरवण्याची रीत, इटलीत फियाटच्या पंखाखाली आकाराला आली. पुढे ती बॉशकडे गेली आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये प्रथम बाजारात उतरली. आपलं छोटं मल्टिजेट २००३ मधलं. पोलंडमध्ये ते बनू लागलं, मारुतीने परवाना घेऊन ते हरियाणात बनवलं, आणि पुण्याजवळ रांजणगावच्या फियाट-टाटा कारखान्यातूनही ते बाहेर पडू लागलं.

डिझेल इंजिन मुळातच काटकसरी. पेट्रोल इंजिनासारखी हवा अडवून धरावी लागत नाही, आणि हवा कितीतरी जास्त दाबली जाते. या इंजिनात सुरुवातीला साधारण अठरा पटीने. त्या दाबानेच हवा इतकी तापते की डिझेल आत शिरताच पेटतं. पण सगळं डिझेल एकदम सोडलं की भडका उडतो आणि जुन्या डिझेल गाड्यांची ती ओळखीची खडखड ऐकू येते. मल्टिजेटची खरी करामत इथे आहे. चूल पेटवताना आधी काटक्या आणि मग लाकूड सरकवावं, तसं हे इंजिन आधी डिझेलचा अगदी बारीक फवारा सोडतं, मग मुख्य हप्ता, गरज पडली तर नंतर आणखी थोडं. एका ज्वलनात पाचपर्यंत फवारे. २००० आरपीएमला एक सिलिंडर सेकंदाला सोळा-सतरा वेळा पेटतो. प्रत्येक वेळी हा हिशोब नव्याने मांडायचा, तोही १४०० बारच्या आसपासच्या दाबाखाली. ते काम ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं. इंजेक्टरची भोकं केसासारखी बारीक, त्यामुळे भेसळीचं डिझेल या इंजिनाला सोसत नाही.

मायलेजचे जे आकडे जाहिरातीत झळकले, त्यांतले बरेचसे पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेच्या नावाने ओळखले जातात. तिथे गाडी रस्त्यावर धावत नाही, रोलरवर धावते. ठरलेल्या चक्रात, ताशी ९० किलोमीटरच्या वर न जाता, एसी बंद ठेवून. जळालेलं इंधन मोजतात तेही सायलेन्सरमधून बाहेर पडलेल्या धुरातल्या कार्बनवरून. याच इंजिनाला छोट्या हायब्रिडची जोड देऊन आलेल्या मारुती सियाझचा आकडा होता लिटरला २८.०९ किलोमीटर. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तो कुणाला मिळाला असेल, असं मला वाटत नाही.

इंजिन निर्दोष नव्हतं. टर्बो उचलेपर्यंत, म्हणजे १८०० आरपीएमच्या खाली, गाडी मरगळलेली. घाटात गिअर चुकला की हमखास जाणवायचं. पण त्याचा बळी घेतला तो धुराने. बीएस-६ या प्रदूषण-मानकांसाठी फिल्टर आणि धूर शुद्ध करण्याची बाकीची सामग्री बसवायची तर छोट्या गाडीच्या किमतीत ती परवडेना. त्यात डिझेल-पेट्रोलच्या दरांतली मोठी तफावतही आटली होती. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. निर्णय योग्यच होता असं माझं मत. लिटरमागे चार किलोमीटर जास्त मिळाले म्हणून काजळी शहराच्या फुप्फुसात सोडता येत नाही.

जुन्या बाजारात मात्र या गाड्यांना अजून गिऱ्हाईक आहे. घ्यायची झालीच तर सकाळी इंजिन थंड असताना सुरू करून टायमिंग चेनचा आवाज ऐका, इंजेक्टर तपासून घ्या, आणि अ‍ॅव्हरेज कागदावर बघू नका. टाकी फुल करून स्वतः काढा.