संगणक भाषा, विशिष्टक्षेत्रीय : पदावली-व्याकरणाचा विस्तार

एका ठराविक प्रकारच्या कामासाठीच रचलेल्या संगणक भाषेस विशिष्टक्षेत्रीय भाषा म्हणतात. चल, स्थिरांक, फलने व क्रियाचिन्हे यांच्या ज्या जुळणीपासून एखादे मूल्य मिळते ती पदावली होय, उदा., क + ख × २. कोणती जुळणी ग्राह्य आहे व तीमधील कोणती क्रिया आधी करावयाची, हे पदावली-व्याकरण ठरविते. भाषा वापरात आल्यानंतर या व्याकरणात नव्या रचनांची भर घालताना जुन्या आज्ञावल्यांचा अर्थ अबाधित राखणे, ही मुख्य अडचण असते.

‘ऑक’ ही भाषा याचे बोधप्रद उदाहरण आहे. मजकुराच्या ओळींतून हवी ती माहिती निवडण्यासाठी ए. व्ही. एहो, पी. जे. वाइनबर्गर व बी. डब्ल्यू. कर्निहॅन यांनी १९७७ मध्ये अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये ती तयार केली. आज्ञावल्या एकदोन ओळींच्याच असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. दोन अक्षरमाला जोडण्यासाठी या भाषेत स्वतंत्र चिन्ह नाही. त्या शेजारीशेजारी लिहिल्या की जोडल्या जातात.

प्रत्यक्षात लोक पुष्कळ मोठ्या आज्ञावल्या लिहू लागले. त्यामुळे १९८५ च्या आवृत्तीत अटीवर अवलंबून असणारी पदावली, घातांकन व वापरणाऱ्याने स्वतः व्याख्या केलेली फलने यांची भर पडली. अटीसाठी योजलेल्या प्रश्नचिन्हाला पदावलीत पूर्वी अर्थ नव्हता. त्यामुळे ते सहज सामावले गेले. फलनांचे तसे झाले नाही. ‘योग’ या चलाचे मूल्य ५ असल्यास ‘योग (३)’ म्हणजे दोन मूल्यांची जोडणी, म्हणजेच ५३, असा अर्थ आधीच रूढ होता. म्हणून नावाला लागून कंस आल्यास फलन व मध्ये मोकळी जागा असल्यास जोडणी, असा नियम करावा लागला. एरवी गौण असलेली मोकळी जागा येथे अर्थभेदक ठरली.

त्याच सुमारास क्रियांचा अग्रक्रम ‘सी’ भाषेशी जुळविण्यात आल्याने काही जुन्या आज्ञावल्या बिघडल्या. नव्या व्याकरणात अग्राह्य ठरलेली आज्ञावली संगणक नाकारतो व चूक तत्काळ कळते; मात्र ग्राह्य राहून अर्थ बदललेली आज्ञावली कोणतीही सूचना न देता चुकीचे उत्तर देते. हा धोका अधिक गंभीर होय. यास्तव पूर्वी निरर्थक असलेली रचनाच नव्या अर्थासाठी निवडणे श्रेयस्कर ठरते. आरंभी चिन्ह वाचवून साधलेल्या सोयीची किंमत पुढे विस्ताराच्या वेळी द्यावी लागते.