पुनःस्थापन आणि पुनर्रचना : न्यू यॉर्कच्या एका भुयारी मार्गाचे उदाहरण

भग्न झालेल्या नागरी वाहतूकमार्गाच्या त्वरित उभारणीचा विचार करताना ‘पुनर्बांधणी’ हा एकच शब्द आपण दोन भिन्न क्रियांना लावतो. खंडित झालेली वाहतूक चालू करणे ही एक क्रिया, आणि नष्ट झालेली वास्तू उभारणे ही दुसरी. पहिलीस पुनःस्थापन व दुसरीस पुनर्रचना म्हणावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हा भेद केवळ शब्दनिष्ठ नव्हे. पुढील उदाहरणात तो सोळा वर्षांच्या अंतराने मोजता येतो.

११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे कोसळले, तेव्हा पोलादी तुळया भुयारी रेल्वेचे छत भेदून आत घुसल्या. १९१८ साली खुल्या झालेल्या या मार्गाचा सुमारे १,४०० फूट भाग निकामी झाला. त्यातच कॉर्टलँड स्ट्रीट हे स्थानक होते. त्यापलीकडील रेक्टर स्ट्रीट व साउथ फेरी ही स्थानकेही मार्ग तुटल्यामुळे गाड्यांना मुकली.

येथे घेतलेला निर्णय वरवर पाहता उणा वाटेल. स्थानक तूर्त उभारावयाचेच नाही. केवळ बोगदा व रूळ सिद्ध करून गाड्या तेथून न थांबविता न्यावयाच्या. स्थानकास जिने व प्रवेशद्वारे लागतात, आणि ती कोठे उघडावीत हे वरील भूमीचा आराखडा ठरल्यावाचून सांगता येत नाही. तो आराखडा तेव्हा निश्चित नव्हता. बोगद्याची दोन्ही टोके मात्र जागेवर होती! म्हणूनच १५ सप्टेंबर २००२ रोजी, म्हणजे एक वर्ष व चार दिवसांनी, गाड्या साउथ फेरीपर्यंत पुन्हा धावू लागल्या. मजुरांच्या हातांची गती कमी लेखण्याचे कारण नाही; परंतु काळ वाचला तो मुख्यतः कामाची व्याप्ती आखडल्यामुळे.

स्थानकाची कथा निराळी. भूखंड पोर्ट ऑथॉरिटीचा, रेल्वे दुसऱ्या संस्थेची. त्यामुळे स्थानकाचे काम भोवतालच्या अवाढव्य बांधकामाच्या मागे राहिले. त्या बांधकामासाठी बोगद्याखालीही खोदावे लागले, आणि तो खालून तोलून धरलेला असताना आतून गाड्या चालूच होत्या. स्थानक उघडले ते ८ सप्टेंबर २०१८ रोजी. तोवर तेथे उतरू इच्छिणाऱ्याने शेजारच्या स्थानकावर उतरून चालत यावे, अशीच व्यवस्था होती. २००२ च्या वेगाची किंमत त्याने भरली. कामाच्या मुदतीच्या हिशेबात मात्र ती कोठेही मांडली जात नाही.